हात दाबायला नको, सोडायला सांग

‘ताई, नऊ आठवड्यांपूर्वी दुचाकीच्या अपघातात नवऱ्याच्या डोक्याला जबर मार लागला. कोमा संपला, आता डोळे उघडतो, पण कुणाकडे बघत नाही. सासूबाई म्हणतात, तो माझं बोट दाबतो. डॉक्टर म्हणतात, ती आपोआप होणारी हालचाल आहे, तो कायमचा असाच राहणार. मला तर काहीच दिसत नाही. परवा मनात आलं, सुटला तर बरं. मी कसली बायको?’

अगं, नऊ आठवडे धड झोप नाही, अंगावर घरदार, आणि समोर उघड्या डोळ्यांनी न बघणारा माणूस. अशा वेळी ‘सुटला तर बरं’ हे मनात येतंच. माझ्या वडिलांच्या उशाशी बसले होते तेव्हा माझ्याही आलं होतं. त्यामुळे तुझी माया कमी ठरत नाही.

आता ‘कायमचा’ या शब्दाबद्दल. अपघाताच्या मारानंतर नऊ आठवड्यांत तो शब्द वापरू नये. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तो शब्दच काढून टाकला. त्याऐवजी ‘दीर्घकालीन’ म्हणतात, आणि डोळे उघडे पण भान नाही ही अवस्था मार लागून आली असेल तर तेही बारा महिन्यांनंतरच. प्राणवायू न मिळाल्याने मेंदूला इजा झाली असेल तर मुदत तीन महिन्यांची. तुझ्या नवऱ्याला मार लागलाय, म्हणून त्याच्या बाबतीत वेळ अजून हातात आहे.

तुमच्या दोघींपैकी खरं कोण? दोघीही असू शकता. तळहाताला काही लागलं की बोटं आपोआप मिटतात, तान्ह्या बाळाची मिटतात तशी. म्हणून सासूबाईंना सांग, ‘दाब’ म्हणू नका, ‘सोड’ म्हणा. सांगितल्यावर बोटं सुटली आणि असं पुन्हा पुन्हा झालं, तर ते आपोआप होणारं नव्हे. दुसरं, एक हातआरसा घे. त्याच्या चेहऱ्यासमोर धरून हळूहळू डावीकडे-उजवीकडे ने. माणसाची नजर स्वतःच्या चेहऱ्यामागे लवकर जाते, नुसत्या बोटामागे किंवा वस्तूमागे तेवढी नाही. नजर आरशामागे गेली तर मोबाईलवर चित्रीकरण कर आणि वहीत लिही: वेळ, काय सांगितलं, काय झालं. काही झालं नाही तर तेही लिही.

हे लिखाण डॉक्टरांपुढे ठेव आणि विचार, ‘कोमा रिकव्हरी स्केल’ने, म्हणजे भान किती आहे ते मोजायच्या मोजपट्टीने, तपासणी झाली का? एकदा करून भागत नाही. अशा माणसाची शुद्ध तासातासाला कमी-जास्त होते, म्हणून दोन आठवड्यांत निदान पाच वेळा करावी लागते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डॉक्टरांच्या सर्वानुमते भान नसलेल्या ४४ जणांपैकी १८ जणांत या मोजपट्टीने भानाच्या खुणा सापडल्या. झोपेची किंवा फिटची औषधं, ताप, संसर्ग यांनीही माणूस मंद होतो, तेही विचारून घे.

२०२४ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांना मनातल्या मनात एखादी कृती करायला सांगून त्यांचा मेंदू तपासला, तर ६० जणांचा मेंदू सांगितल्याप्रमाणे वागत होता. त्यांना सांगितलेलं करून दाखवता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तुझा नवरा त्यांपैकी आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच्या उशाशी ‘आता याचं काय करायचं’ हे बोलणं आजपासून बंद. ते दाराबाहेर बोला. त्याला रोज सांग, आज कोणता वार, तू कोण, तो कुठे आहे, आता नळीतून दूध देतोय.

एक कडू गोष्टही सांगते, ती लपवणं बरोबर नाही. शुद्ध आली तरी पूर्वीचाच माणूस परत येईल असं नाही. आठवण, बोलणं, स्वभाव, चालणं, यांतलं काहीतरी अडखळतं, आणि बरीच वर्षं कुणाची तरी मदत लागू शकते. म्हणून आतापासूनच तुझी झोप राखून ठेव. आठवड्यातून एक दिवस रुग्णालयात जायचंच नाही, त्या दिवशी दीर किंवा नणंद जाईल.

सासूबाईंशी भांडू नकोस. दुपारची पाळी त्यांची, संध्याकाळची तुझी. वही एकच ठेवा, आणि आरसाही एकच.