पहिली सात पानं काढून टाक

अनेक आशीर्वाद.

तुझ्या अशिलाची शिक्षा कमी व्हावी म्हणून केलेल्या अर्जाचा तुझा मसुदा रात्री दोनदा वाचला. पहिली सात पानं काढून टाक. रागावू नकोस, पण त्या पानांत तू गुन्ह्याची रात्र लहान करायला बसली आहेस. अंधार होता, साक्षीदार उलटसुलट बोलले वगैरे. हे अपील नाही गं. दोष ठरून 18 वर्षं झाली. त्याचा वाटा किती होता, हे सांगायला एक परिच्छेद पुरे.

वॉशिंग्टन डीसीच्या न्यायाधीशाला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: हा माणूस आज कुणाला धोका आहे का, आणि शिक्षा कमी करणं न्यायाला धरून होईल का. 2016 साली अशा अर्जांचा कायदा झाला तेव्हा तो 18 वर्षांखालच्यांपुरताच होता, आणि तपासायच्या मुद्द्यांत ‘गुन्ह्याचं स्वरूप’ही होतं. पुढच्या दुरुस्तीत ते वगळलं. 2021 पासून पंचविशीच्या आत गुन्हा घडलेल्यांनाही 15 वर्षं भोगल्यावर अर्ज करता येतो. तुझा अशील तेव्हा 22 चा होता, म्हणून तर आपण हे लिहितोय.

लहान करू नकोस म्हणते, कारण मी ते केलंय. माझ्या पहिल्या अर्जात सगळीकडे ‘ती दुर्दैवी घटना’ असं होतं. मृताची आई निवेदनाला उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, की इतक्या पानांत माझ्या मुलाचं नाव एकदाही का नाही? मला मान वर करवेना. आता ते नाव मी पहिल्याच ओळीत लिहिते.

तुझा खरा मजकूर तुरुंगांच्या कागदांत आहे. डीसीचा स्वतःचा लॉर्टनचा तुरुंग 2001 मध्ये बंद झाला, तेव्हापासून डीसीचे शिक्षा झालेले कैदी देशभरच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगांत विखुरलेत. तुझा माणूस पाच ठिकाणी राहिलाय. पाचही ठिकाणचे शिस्तभंगाचे अहवाल मागव आणि एकही लपवू नकोस. पहिल्या 6 वर्षांत 11, पुढच्या 12 वर्षांत 1, हे तारखांसकट मांडलंस की विशेषणं लागत नाहीत.

आणि 2021 च्या आधीची प्रमाणपत्रं वेगळी काढ. ऑगस्ट 2000 नंतरच्या गुन्ह्यांना इथे पॅरोल, म्हणजे शिक्षा पुरी होण्याआधी देखरेखीखाली सुटका, नाही. म्हणजे तो वेल्डिंग शिकला, तेव्हा लवकर सुटण्याची वाट त्याला दिसतही नव्हती. सरकारी वकील म्हणणार, अर्जासाठी केलं सगळं. तेव्हा अर्जच नव्हता! तू हे परिशिष्टात टाकलंयस. पुढे आण.

तुझ्या बाबांना सांग, हे आपल्याकडच्या ‘चौदा वर्षां’सारखं नाही. तिकडेही जन्मठेप म्हणजे आयुष्यभरच. 14 वर्षांनंतर सरकार मुदतपूर्व सुटकेचा विचार करू शकतं, इतकंच. इथे फाइल मंत्रालयात जात नाही, कोर्टात सुनावणी होते.

अर्ज फेटाळला तर पुन्हा करायला 3 वर्षं थांबावं लागतं, तेव्हा घाई नको. आधी त्याच्या बहिणीकडे जाऊन ये. तो सुटल्यावर झोपणार कुठे, हे न्यायाधीश विचारतातच. ती खोली अजून सामानाने भरलेली आहे म्हणालीस ना? रिकामी झाली की फोटो काढ, मग मला फोन कर.