एआय आल्यावर शेती, वन आणि मत्स्य शिक्षणाचं काय होणार? मी सोलापूरला ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोणता कोर्स करू?

कोर्सचं शेवटी सांगते. आधी तू जे लिहिलंयस ना, "आमचे सर म्हणतात शेतात हिंडायचे दिवस गेले, आता फोटो काढा आणि मोबाईलला विचारा", त्यावर बोलते. हेच वाक्य मला माझ्या विभागप्रमुखांनी ऐकवलं होतं. मी तेव्हा एका खाजगी कृषी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वनस्पती रोगशास्त्र शिकवायचे. पगार तासावर, अपमान फुकट.

झालं असं की संस्थेचे अध्यक्ष येणार म्हणून सरांनी रोग ओळखणाऱ्या ॲपचं प्रात्यक्षिक ठेवलं. कॉलेजच्या बागेतलं डाळिंबाचं डागाळलेलं पान तोडलं, फोटो काढला, स्क्रीन भिंतीवर दाखवली. उत्तर आलं: टोमॅटो, करपा. मागून एक पोरगं म्हणालं, "सर, हे डाळिंब हाय." सरांनी दुसरं पान घेतलं. त्यावर आदल्या दिवशी फवारलेल्या बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचे, निळसर पांढरे थेंब वाळलेले होते. ॲप म्हणालं, भुरी, म्हणजे पानावर पांढरी पावडर दिसणारा बुरशीचा रोग. अख्खा वर्ग हसला, आणि नंतर केबिनमध्ये बोलावून घेतलं ते मला. "मॅडम, पोरांना तुम्ही असलं शिकवता."

आता यात ॲपचा तसा दोष नव्हता. पिकांचे रोग ओळखायला यंत्र शिकवताना प्लांटव्हिलेज नावाचा फोटोंचा संग्रह खूप वापरला गेलाय. ५४,३०६ फोटो, १४ पिकं. टोमॅटो आहे, बटाटा आहे, द्राक्ष आहे, ब्लूबेरीसुद्धा आहे. डाळिंब नाही. आणि फोटो कसे, तर पान तोडून साध्या पाठीवर ठेवून काढलेले. २०१६ साली त्यावर जो गाजलेला अभ्यास झाला, त्यात यंत्राचा निकाल ९९.३५ टक्के बरोबर आला. तेच यंत्र बाहेरून गोळा केलेल्या फोटोंवर चालवलं तर ३१ टक्क्यांच्या आसपास. हे दोन्ही आकडे त्याच अभ्यासात आहेत, पण स्लाइडवर नेहमी पहिलाच येतो.

मी सरांना म्हटलं, मग आपणच फोटो काढू. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि आपल्या पोरांनी टोमॅटो ओळखणारं ॲप वापरायचं? जर्नलमध्ये चित्रं उतरवण्याऐवजी प्रत्येकानं शंभर फोटो द्यायचे. सोबत तारीख, बहार (फुलं-फळं धरायचा हंगाम), झाडाची बाजू, शेवटची फवारणी कधी, हे लिहायचं. सर म्हणाले, "याला मार्क कुठल्या रकान्यात देऊ?" विषय संपला.

त्या वर्षी रावेला, म्हणजे शेवटच्या वर्षी गावात राहून करायच्या अनुभवाच्या कामाला, आठ कृषीकन्या सांगोल्याकडं होत्या, आमच्या घरापासून जवळच. त्यांना म्हटलं, मार्क नाहीत, पण करायचं का? पोरी तयार झाल्या. मृग बहार, ऑगस्ट, रोज झिमझिम, म्हणजे तेल्याला, डाळिंबाच्या जिवाणूजन्य डागाला, मोकळं रान.

दिवसा फोटो, रात्री आमच्या पडवीत बसून प्रत्येक फोटोला नाव द्यायचं. तेल्या की सर्कोस्पोरा (बुरशीचा डाग), यावर दोघींचं इतकं वाजलं की एक जेवायला उठेना. डाग काळपट, कडा पिवळी. मी चष्मा लावून बघितलं आणि ठणकावून सांगितलं, सर्कोस्पोरा. सासूबाई भाकरी घेऊन आल्या होत्या, त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "पान उजेडाम्होरं धरलं हुतं का गं?" कुणीच धरलं नव्हतं. सगळ्यांनी वरून फोटो काढलेले. मग निघालो बॅटरी घेऊन चिखलातून. झाडाला दोरा बांधून खूण केलेली होती, पान सापडलं. मागून बॅटरी धरली तर डागाभोवतीची जागा तेल लावलेल्या कागदासारखी आरपार दिसली. तेल्याच. मी चुकले होते, आणि आठ पोरींच्या देखत.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पानाचे दोन फोटो, एक वरून, एक मागून उजेड घेऊन. आधीचे चारेकशे पुन्हा तपासले, त्यातले बरेच मी पास केलेले. त्या आठ जणींना जिवाणूचा डाग आणि बुरशीचा डाग यातला फरक आता झोपेतून उठवून विचारा. माझ्या व्याख्यानांनी हे झालं नव्हतं.

म्हणून "शिक्षणाचं काय होणार" या तुझ्या प्रश्नावर माझं मत सरळ आहे. स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांचं काहीच राहणार नाही आणि मला त्याचं दुःख नाही. पण यंत्राला शिकवायचे फोटो, नोंदी कुणीतरी बांधावर उभं राहूनच करणार. ते काम विद्यार्थ्यांचं आहे, आणि तेच त्यांचं शिक्षण आहे.

वन आणि मत्स्य तू विचारलंयस तर तिथंही हीच गोम. सोलापूरजवळचं नान्नजचं माळरान घे, माळढोक पक्ष्याचं अभयारण्य. सरकारी नकाशात गवताळ माळ वर्षानुवर्षं पडीक म्हणून धरला जातो. त्या नकाशावर शिकलेल्या यंत्राला वृक्षारोपणासाठी मोकळी जागा विचारली तर ते आधी माळच दाखवणार. आणि माळढोकाला झाडी नको, उघडा माळ हवा. उजनी धरणातल्या, बाजारात आलेल्या चिलापी माशाचे फोटो हवे तेवढे मिळतील. बारीक आसाच्या जाळ्यात गेलेल्या बोटुकलीचा, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाचा, फोटो कोण काढतंय?

एक राहिलं. मी एआयच्या विरोधात नाही. आमच्या घरी यजमान बोर्डोचं प्रमाण आणि पाण्याचा हिशोब मोबाईललाच विचारतात, मराठीत बोलून, आणि ते बरोबर येतं. पण तेल्यावर विचारलं तर एकदा त्यानं खुशाल स्ट्रेप्टो मारायला सांगितलं. स्ट्रेप्टोमायसीन अधिक टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविकांचं मिश्रण १ जानेवारी २०२४ पासून शेतीत बंद आहे. जुनं वाचून आलेलं ते, त्याला काय माहीत. माणसं तरी कुठं लगेच सोडतात म्हणा. आणि संधी नाही असंही नाही. राज्य सरकारनं २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलंय, ५०० कोटींचं. कामं निघतील.

तर कोर्स. पायथन शीक, दोन-तीन महिन्यांत कामापुरतं येतं. त्याआधी संख्याशास्त्राचं पुस्तक पुन्हा काढ, कारण ते आपण सगळ्यांनी पास होण्यापुरतंच केलेलं असतं. सर्टिफिकेटवाल्या महागड्या कोर्सला पैसे भरायच्या आधी फोन करून विचार, तुमच्याकडं डाळिंबाचे फोटो आहेत का आणि ते कुठल्या बागेतले. बहुतेक ठिकाणी पलीकडून दोन मिनिटं होल्डवर ठेवतील.

आमचे फोटो २,३०० च्या वर गेले होते. कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाइलमध्ये ते "एआय उपक्रम" म्हणून लागले, संकल्पना विभागप्रमुखांची. पोरींची नावं नाहीत, माझं तर नाहीच. पुढच्या वर्षी माझे तासही नव्हते. पण पेन ड्राइव्ह माझ्याकडं आहे. प्रोजेक्टला लागले तर मेसेज कर, पोरींना विचारून देईन. बॅटरीवाले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, ते आधी उघड.