वाचकांचे प्रश्न : आचार बदलला, मान का वाढला नाही?

प्रश्न : आमच्या गावातील एका समाजाने तीन पिढ्यांपूर्वी दारू-मटण सोडले, घरोघरी गळ्यात माळ आली, वारी सुरू झाली. तरीही पोळ्याला वेशीत त्यांचे बैल अजून मागेच उभे राहतात. याउलट भुसावळला रेल्वेत लागलेल्या दोन घरांना गाव आता मानाने बोलावते. वरच्या जातींचे आचार उचलले की जात वर चढते, असे आम्ही महाविद्यालयात शिकलो होतो. ते चुकीचे समजावे काय? (एक वाचक, तालुका पारोळा)

उत्तर : आपण ज्याचा उल्लेख करता तो विचार समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचा. कर्नाटकातील कूर्ग प्रदेशातील लोकांच्या धर्मजीवनाचा अभ्यास करताना त्यांनी ‘संस्कृतीकरण’ ही कल्पना मांडली आणि तो अभ्यास १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो विचार चुकीचा नाही. मात्र परीक्षेपुरता शिकताना त्याचा अर्धा भाग गळून जातो. अशा प्रयत्नाने एखाद्या जातीची पायरी बदलते, जिना मात्र आहे तसाच राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय गावात वजन कोणाचे, हे ठरताना जमीन, संख्याबळ आणि सत्तेशी असलेली जवळीक यांचा विचार करावा लागतो, हेही त्यांनी ‘प्रभुत्वशाली जाती’विषयी लिहिताना सांगितले. माळ घातल्याने यांपैकी काहीही हाती येत नाही.

खानदेशात याचा पडताळा घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. १९३०च्या दशकात तळोद्याकडील भिल्लांमध्ये गुला महाराजांनी दारू व मांस सोडण्याची, रोज स्नान आणि आरती करण्याची चळवळ उभी केली, आणि त्यांच्यामागे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ती चालवली. ज्या माणसाला गाव व्यसनी आणि अडाणी म्हणूनच ओळखत होते, तो शुद्धीवर राहून देण्याघेण्याचा हिशेब विचारू लागला, हे या चळवळीचे मोठेच फळ होते. तिला केवळ वरच्यांचे अनुकरण म्हणून निकालात काढणाऱ्या अभ्यासकांशी मी सहमत नाही. पण सावकाराकडे गेलेली जमीन आरतीने परत आली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचे. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, उचल घ्यायचा, वर्षभर मालकाच्या गोठ्यापासून शेतापर्यंत राबायचा, आणि उचल फिटली नाही की पुढच्या आखाजीला त्याच दारात पुन्हा उभा राहायचा. त्याने दारू सोडली, तरी या व्यवहारात त्याची जागा तीच राहिली.

त्या जागेला धक्का बसला तो १९७०नंतर शहादा परिसरात. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी संघटित झाले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, आणि गेलेल्या जमिनींचा व सालदारांच्या मजुरीचा प्रश्न उघडपणे मांडला गेला. अंबरसिंगांनाही लोक ‘महाराज’च म्हणत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. याच काळात आदिवासी बायकांनी गावोगावी दारूची मडकी फोडली. नवऱ्याचा मार आणि मजुरीची उधळण थांबावी, हे त्यांचे कारण होते. वरच्या जातींनी आपल्याला शुद्ध मानावे, ही अपेक्षा त्यात नव्हती. पुढे आदिवासींच्या जमिनी परत देण्याविषयीचा १९७४चा कायदा राज्यात झाला. त्याच्या अंमलबजावणीत किती पळवाटा निघाल्या, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

आता रेल्वेतल्या दोन घरांविषयी. १८६०च्या दशकात लोहमार्ग आला आणि भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. तेथील कामगाराचा पगार गावचा पाटील ठरवत नव्हता, एवढी एकच गोष्ट पुरेशी होती. महार वतनाशी तिची तुलना करून पाहा. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात सरकारी निरोप पोहोचवणे, अंमलदाराच्या पुढे धावणे, हद्दीची राखण करणे, अशी रात्री-अपरात्रीची कामे साऱ्या घराण्यावर बांधलेली असत, आणि सुगीत खळ्यावर बलुते मागायला उभे राहावे लागे ते वेगळेच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या वतनांविरुद्ध विधेयक आणले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडले. त्या कायद्याने आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, तिप्पट रक्कम भरल्यावर जमीन वतनदाराला परत मिळाली, पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नाही, या अटीवर. ज्यांच्या घरात तोवर रेल्वेचा पगार आला होता, त्यांना ती रक्कम भरणे आणि मुलगा शिकवणे, दोन्ही जमले.

पोळ्याच्या रांगेचे म्हणाल, तर ती गावात सर्वांत शेवटी बदलते. सरपंचपद आरक्षणाने पाच वर्षांत बदलते. ‘मानाचा बैल’ कोणाचा, हे मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते, त्यामुळे ते खोडताही येत नाही. हल्ली ट्रॅक्टर आल्यामुळे कित्येक मानकऱ्यांच्या गोठ्यात बैलच उरलेला नाही आणि पोळ्यापुरती जोडी उसनी आणावी लागते. तरीही रांग मोडत नाही.

प्रश्न : शिक्षण वाढले, धंद्यावरून जात ओळखता येत नाही, मग समाजाचे वधू-वर मेळावे का वाढत आहेत? माझ्या बहिणीने दुसऱ्या जातीत लग्न ठरवल्यावर आमच्या पंचांनी वाळीत टाकण्याची भाषा केली आहे. (एक वाचक, तालुका यावल)

उत्तर : मेळावे आधुनिकतेमुळेच वाढले आहेत. पूर्वी सोयरीक चार-दोन तालुक्यांत, नातेवाइकांच्या तोंडी ओळखीवर जुळत असे. मुले सुरत, पुणे, नाशिकला गेली आणि ती ओळख तुटली. तिची जागा छापील परिचय-पुस्तिकेने, नंतर मोबाइलवरच्या गटाने घेतली. पोटजातींतली अंतरे त्यामुळे कमी झाली, पण जातीचे कुंपण आणखी लांबवर पसरले, आणि निवडणुकीत त्याच याद्या कामी येऊ लागल्या. आपल्याकडे लेवा, गुजर, मराठा, राजपूत, कोळी, सगळ्यांत पाटील आडनाव सापडते. तरी शहरात घर भाड्याने घेताना “कोणते पाटील?” हा दुसरा प्रश्न ठरलेलाच असतो.

तुमच्या बहिणीबाबत मात्र संदिग्ध बोलण्याचे कारण नाही. दोघांचेही लग्नाचे कायदेशीर वय पूर्ण झाले असेल तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली त्यांना नोंदणी करता येते. त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे ध्यानात ठेवून तारीख ठरवावी. वाळीत टाकणे हा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ अन्वये महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि असा निर्णय घेण्यासाठी बैठक बोलावणारेही त्यातून सुटत नाहीत. पंचांनी जे सांगितले ते कोणासमोर, कोणत्या दिवशी सांगितले, हे आजच लिहून ठेवा आणि तक्रार लेखी करून तिची पोच घ्या.