इतिहासाचा प्राध्यापक लष्करी संग्रहालय चालवू शकतो का?

तुमचा प्रश्न असा, की आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला युद्धसंग्रहालयाचं प्रमुखपद झेपेल का आणि तिथे काम नेमकं काय असतं. झेपतं. विषय तर येत असतोच. गाडी अडते ती पैसा, कागदपत्रं आणि वस्तू यांच्यापाशी.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय घ्या. स्टीफन अँब्रोज आणि गॉर्डन 'निक' म्यूलर, दोघेही तिथल्याच विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. १९९० मध्ये कल्पना निघाली, दार उघडलं ६ जून २००० ला. २००२ मध्ये अँब्रोज गेले. म्यूलर २०१७ पर्यंत प्रमुख होते. नाव अँब्रोजचं मोठं, पण संस्था टिकवली म्यूलरनी, असं माझं मत. विद्यापीठाचं प्रशासन त्यांनी सांभाळलेलं, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला उन्हाळी वर्ग उभे केलेले. अंदाजपत्रक कशाशी खातात हे त्यांना ठाऊक होतं. २००५ च्या कतरीना वादळात शहरच रिकामं झालं. केवळ तिकिटांवर चालणारं संग्रहालय अशा वेळी बसतं, म्हणून देणग्या, सभासद आणि अनुदान यांची घडी आधीच बसवावी लागते.

इतिहासकाराचा कस कुठे लागतो? याच संग्रहालयाकडच्या पीटी-३०५ या लढाऊ बोटीचं उदाहरण बघा. मूळ लांबी ७८ फूट. युद्धानंतर परवान्याचे नियम टाळायला मागचा भाग कापून ती ६५ फुटांवर आणली आणि ऑयस्टरच्या (कालवांच्या) धंद्याला लावली. आता दाखवायची कुठली, युद्धातली की धंद्यातली? संग्रहालयाने युद्धातली निवडली, स्वयंसेवकांनी अनेक वर्षं खपून ती पुन्हा बांधली आणि २०१७ मध्ये ती पाण्यावर फिरू लागली. असा निर्णय एकदा घेतला की नंतरच्या आयुष्याच्या खुणा पुसल्या जातात, म्हणून फळी काढण्याआधी मोजमापं आणि फोटो हवेतच. शिवाय या बोटींचं बाहेरचं कवच महोगनी लाकडाच्या दोन थरांचं, मध्ये चिकटवलेलं कापड. पाणी त्यात शिरलं की लाकूड आतून कुजतं आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

रुजू झाल्यावर आधी वस्तूंची नोंदवही उघडा. 'कायमचं उसनं' असा शेरा दिसला तर तो धोका समजा. देणगीदाराची मुलं वीस वर्षांनी वस्तू परत मागायला येतात. प्रत्येक वस्तूचं सही केलेलं दानपत्र हवं. मग दारूगोळा: 'निकामी आहे' या तोंडी शब्दावर काही ठेवू नका, बॉम्बशोधक पथकाकडून तपासून लेखी घ्या. जुन्या घड्याळांच्या आणि विमानातल्या यंत्रांच्या चमकत्या तबकड्यांत किरणोत्सारी रेडियम असतं, काही जुन्या गॅसमास्कच्या गाळणीत फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टस. या वस्तू मुलांच्या हाती देऊ नयेत. गणवेशांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको. लोखंडाला कोरडी हवा मानवते, चामडं-लाकडाला साधारण ५० टक्के आर्द्रता; दोन्ही एकाच कपाटात कोंबली तर एकाला गंज चढतो नाहीतर दुसऱ्याला तडे जातात.

आपल्याकडे मात्र रस्ता वेगळा आहे. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय लष्कराच्याच आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलने, म्हणजे रणगाडा दलाच्या प्रशिक्षण केंद्राने, उभं केलेलं. अशा ठिकाणी बाहेरच्या प्राध्यापकाने सल्लागार म्हणून किंवा माजी सैनिकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याच्या कामातून शिरावं. मुलाखतीआधी संमतीपत्र घ्या आणि सांगितलेल्या तारखा पलटणीच्या युद्धदैनंदिनीशी ताडून बघा.