बंगड्याच्या कल्ल्यात किडा सापडला म्हणून पाटी फेकू नका

मासळीचा धंदा नवीन आहे, म्हणून गिऱ्हाईक फोटो पाठवून ओरडलं की घाबरायला होतं. कल्ल्यात बसलेला तो पांढुरका, पायवाला जीव म्हणजे नोरिलेका इंडिका. झिंग्याच्याच दूरच्या नात्यातला. पुष्कळदा जोडीने असतो आणि गंमत म्हणजे यातला प्रत्येक जण आधी नर असतो, मग मादी होतो. तो माशाला कमजोर करतो, माणसाला काही करत नाही. कल्ले काढा, विषय संपला.

लक्ष द्यायचं ते अनिसाकिसकडे. माशाच्या पोटात, लिव्हरवर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली ही पांढरी अळी जिवंत खाल्ली गेली तर माणसाला त्रास देते. ती पूर्ण वाढते देवमासे-डॉल्फिनच्या जठरात; मासे मधले यजमान, म्हणजे तोवर ती त्यांच्या अंगात राहते. मासा मेल्यावर काही अळ्या आतड्यांतून मांसात शिरू शकतात, म्हणून पोट लवकर साफ करा आणि तोवर बर्फ कमी पडू देऊ नका.

आपल्याकडे मासा नीट शिजवूनच खातात, त्यामुळे धोका फारसा नाही. आतपर्यंत 63 अंश सेल्सिअस गेलं की अळी मरते. कच्चं खाणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र स्पष्ट सांगा: लिंबू चोळून ती मरत नाही. उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवावं लागतं आणि घरच्या फ्रिजचा फ्रीझर तेवढा थंड होईलच असं नाही. शिवाय काहींना मेलेल्या अळीचीही ॲलर्जी येते. अंगावर पित्त उठल्याची तक्रार आली तर ‘मासा ताजाच होता’ म्हणून वाद घालू नका, डॉक्टरकडे पाठवा.