खासगी जमिनीवर वन्यजीवांचा अधिवास सांभाळायची कामं करायला कंत्राटदारांना ट्रेनिंग कसं द्यावं? दोन दिवस पुरतील का?

दोन दिवस हॉलमध्ये स्लाइड दाखवणार असाल तर अजिबात पुरणार नाहीत. आणि बहुतेक ठिकाणी ट्रेनिंगला बसतो कंत्राटदार, मशीनवर बसतो दुसराच.

आमच्या जमिनीवरची घाणेरी (लँटाना, रान माजवणारं परदेशी झुडूप) काढायला दिली होती, कंत्राटदाराकडे रीतसर सर्टिफिकेट होतं. सकाळी पोचलो तर टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती, मशीनच्या चाकोरीलगतच्या खळग्यात तीन अंडी चिरडलेली, एक शाबूत, मातीच्या रंगाचं, काळे ठिपके असलेलं. ऑपरेटर पोरगा म्हणाला, "मला खडेच वाटले." खरंच तशीच दिसतात ती अंडी, त्याला कुणी कधी दाखवलीच नव्हती, मग त्याला काय बोलणार? पिंगळ्याची ढोली असलेलं वठलेलं झाडही आडवं केलेलं, कारण 'साफसफाई' म्हणजे वाळलेलं आधी काढायचं हेच त्याला माहीत. आणि एवढं करून घाणेरी जमिनीच्या वरून छाटलेली, म्हणजे पावसाळ्यात दुप्पट फुटवे.

घाणेरीची पद्धत हातानं करून दाखवावी लागते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी बसवलेली पद्धत आहे, मुख्य मूळ मातीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर, म्हणजे परत फुटत नाही. फळं धरायच्या आत करायचं, नाहीतर बुलबुल बी पसरवतात. नंतरही पक्षी बसतात त्या झाडांखाली रोपं उगवत राहतात, ती दोन-तीन वर्षं उपटावी लागतात, आणि मोकळ्या जागेत स्थानिक गवताचं बी टाकायचंच.

आमचा दादा तेव्हापासून म्हणतोय की ट्रेनिंगवर घातलेला पैसा वाया, ही माणसं शिकत नाहीत. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. करार कसा होता? एकरावर! जितकं साफ तितके पैसे, मग कोण कशाला झाड वाचवेल? मी पुढच्या वर्षी अर्धे पैसे पावसाळ्यानंतरच्या पाहणीवर ठेवले, दादा म्हणाला कुणी तयार होणार नाही. तोच कंत्राटदार तयार झाला. तोच पोरगा आता मशीन सुरू करायच्या आधी पूर्ण जमीन पायी फिरतो, घरट्याभोवती फक्की मारतो, ढोलीच्या झाडाला चिंधी बांधतो. हे शिकायला त्याला माझ्याबरोबर चार सकाळी फिरणं पुरलं.

एक राहिलंच, हे सगळं झुडपी आणि गवताळ जमिनीपुरतं, पाणथळ जागेचं गणित वेगळं. झाडतोडीची परवानगी आधी बघा. आणि घाणेरी वाईट असली तरी सगळी एकदम काढू नका, पट्टे पाडून काढा, आत लपणारी जनावरं एका दिवसात जाणार कुठे?