बगॅसच्या कार्बनमध्ये हायड्रोजन भरून रिक्षा चालेल का?

तुमचा बेत असा आहे: साखर कारखान्यातून बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आणायचं, त्याचा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (बारीक छिद्रांनी भरलेला कोळसा) करायचा, तो सिलिंडरमध्ये भरून त्यात हायड्रोजन साठवायचा आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून त्यावर रिक्षा चालवायची. कार्बन तुम्हाला नक्की जमेल. रिक्षा मात्र चालणार नाही, आणि सोलापुरात तर नाहीच.

हायड्रोजनचा रेणू कार्बनला जेमतेम चिकटतो. रासायनिक बंध होत नाही, मोलमागे साधारण ५ किलोज्यूलची ओढ असते. नेहमीच्या तापमानाला तो टिकावा आणि हवा तेव्हा सुटावा, तर ही ओढ १५ किलोज्यूलच्या आसपास हवी. त्यामुळे उणे १९६ अंशांना, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला चांगला कार्बन वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन घेतो. ढोबळ हिशेब असा की ग्रॅममागे ५०० चौरस मीटर पृष्ठभागाला १ टक्का. तोच कार्बन खोलीत ठेवून १०० बार (१ बार म्हणजे साधारण हवेइतका) दाब दिला तरी १ टक्का गाठत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. शिवाय वायू चिकटताना उष्णता सुटते, म्हणजे भरताना टाकी आणखी तापणार.

१ टक्का मिळाला असं धरलं तरी कारला लागणाऱ्या ५ किलो हायड्रोजनसाठी ५०० किलो कार्बन हवा. २०१४ च्या टोयोटा मिराईत तेवढाच हायड्रोजन ७०० बारच्या दोन टाक्यांत मावतो आणि त्या टाक्यांचं वजन ९० किलोच्या आत आहे. तिथेही कार्बन आहेच, पण टाकीवर गुंडाळलेल्या कार्बन फायबरच्या रूपात. माझ्या मते आज गाडीतल्या हायड्रोजनसाठी कार्बनचा खरा उपयोग तोच आहे.

इंटरनेटवर नॅनोट्यूबचे (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे) मोठमोठे आकडे दिसतील, ते जपून वाचा. १९९८ मध्ये ग्रॅफाइटच्या नॅनोफायबरमध्ये तब्बल ६७ टक्क्यांचा दावा झाला. इतर प्रयोगशाळांना तो पुन्हा मिळवता आला नाही. १९९९ मध्ये लिथियम घातलेल्या नॅनोट्यूबचा २० टक्क्यांचा दावा आला. पुढच्याच वर्षी दाखवलं गेलं की त्या वजनवाढीत मोठा वाटा ओलाव्याचा होता. हे तुम्ही स्वतः बघू शकता. ओव्हनमधून काढलेला कार्बन काट्यावर उघडा ठेवा, शेवटचे आकडे डोळ्यांदेखत वर सरकत राहतात. ते हवेतलं पाणी असतं. म्हणून वजन करण्याआधी नमुना निर्वातात तापवून घ्यायचाच. आणि तुलना रिकाम्या सिलिंडरशी करायची: १०० बारला नुसती रिकामी टाकीही लिटरमागे साडेसात ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन घेते.

आता कळकळीने सांगतो, जुन्या एलपीजी किंवा सीएनजी सिलिंडरमध्ये हायड्रोजन भरू नका. काही पोलादं हायड्रोजनमुळे ठिसूळ होतात, गळतीला वास नसतो आणि ज्योत उन्हात दिसत नाही. कार्बनला छिद्रं पाडण्यासाठी कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून भट्टी ७००-८०० अंशांवर नेलीत तर धातुरूप पोटॅशियम तयार होऊ शकतं. भट्टी नायट्रोजनमध्ये पूर्ण थंड होईपर्यंत पाण्याचा थेंबही जवळ नको. हे काम गाइड समोर असतानाच करा.

प्रोजेक्ट सोडू नका, वायू बदला. मिथेन, म्हणजे सीएनजी आणि बायोगॅसमधला मुख्य वायू, कार्बनला हायड्रोजनपेक्षा बराच घट्ट धरतो. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाने २००७ मध्ये दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून कार्बनच्या विटा केल्या. त्यांत सुमारे ३५ बारला, स्वतःच्या आकारमानाच्या १८० पट मिथेन मावला. सीएनजी सुमारे २०० बारला भरावा लागतो, हे लक्षात घ्या. आपल्या जिल्ह्यात ऊसही भरपूर आणि मळीपासून बायोगॅसही होतो, त्यामुळे हा विषय इथल्या कामाचा आहे.

सुरुवात आयोडिन नंबरने (ग्रॅमभर कार्बन किती आयोडिन शोषतो त्या आकड्याने) करा, मग नायट्रोजन वायू शोषवून पृष्ठफळ काढून घ्या. राखही मोजा, बगॅसच्या राखेत सिलिका बरीच असते, ती वजन वाढवते पण वायू धरत नाही. पहिल्या बॅचचे आकडे आले की इथे टाका, पुढचं तापमान ठरवायला मी मदत करतो.